दुसरी दोरी

बुधीबाई गावितला मोजता येत नाही, हे आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. वीसच्या पुढचे आकडे येत नाहीत म्हणजे मोजता येत नाही, असं त्यांचं सरळ गणित. मलाही ते तेव्हा पटलं होतं. मी नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. बरण्यांतल्या बेडकांचं पाणी बदलणं आणि कुणाची कात्री कुणी नेली याची नोंद ठेवणं, हे माझं काम. अक्षर बरं होतं, म्हणून सरांनी मला त्यांच्या मासे मोजायच्या प्रकल्पावर घेतलं. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. मुलगा मासे मोजतो हे शेजाऱ्यांना सांगायची त्यांना लाज वाटायची, म्हणून ते "सर्व्हेवर असतो" असं सांगायचे.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेठ तालुक्याच्या पश्चिम टोकाला एक नदी आहे. तिचं पाणी गोदावरीला मिळत नाही, डोंगर उतरून गुजरातकडे जातं आणि पुढे समुद्राला. तिच्यावर एक दगडी बंधारा होता, दोन पुरुष उंचीचा. पावसाळ्यात माशांची पिल्लं खालून वर चढतात आणि बंधाऱ्याशी येऊन अडतात. म्हणून ज्या खात्याचा तो बंधारा होता, त्या खात्यानं कुठल्याशा परदेशी पुस्तकात बघून उजव्या काठाला माशांसाठी शिडी केली होती. शिडी म्हणजे पायऱ्यांसारखे एकावर एक सिमेंटचे हौद. एकातून दुसऱ्यात उड्या मारत पिल्लांनी वर जायचं. ती खरंच जातात का, हे आम्ही तीन पावसाळे मोजून सांगायचं होतं. जात असतील तर आणखी बंधाऱ्यांना शिड्या होणार. जात नसतील तर आहे ती बंद.

रोज सकाळ-संध्याकाळ शिडीपाशी बसायला माणूस हवा होता. आधी बारावी झालेले दोघं ठेवले. पहिला आठ दिवसांत अंबडला कारखान्यात चिकटला. दुसऱ्यानं जागेवर न जाता महिन्याभराचे आकडे घरी बसून भरले, आणि ते इतके टापटीप भरले की माशांनी दर रविवारी सुट्टी घेतलेली दिसत होती. मग बंधाऱ्याजवळच्या पाड्यावरून बुधीबाई आली. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. वय विचारलं तर म्हणायची, "कुणी लिहून ठेवलंय?" चाळिशीची असावी. काटक, काळी, आणि डोळे असे की समोरचा माणूस खोटं बोलायच्या आधीच ती हसायला लागायची.

सरांनी तिला काम समजावलं. वरच्या हौदात जाळी लावलीय, तीत येईल ते मोजायचं.

"आन मंग?"

"मग वरच्या बाजूला सोडून द्यायचं."

"खायाचं कवा?"

"खायचं नाही."

ती सरांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "लय शिकलेत वाटतं सायेब."

मोजायला तिनं आपली तऱ्हा काढली. अंबाडीची बारीक दोरी. एक पिल्लू, एक गाठ. मळ्या माशाला साधी गाठ, खवली माशाला दुहेरी. दिवस संपला की दोरीत लाल चिंधी बांधायची आणि पुढे चालू. मी दर शनिवारी एसटीनं जायचो, तिच्या झोपडीतल्या खुंटीवरची आठवड्याची दोरी काढायचो, गाठी मोजून फॉर्मवर आकडे उतरवायचो. एकदा मी मुद्दाम दिवसभर तिच्या शेजारी बसून वेगळे मोजले. माझे दोन कमी भरले. तिनं मला ते दोन कुठल्या वेळी गेले तेही सांगितलं. "एक तुम्ही विडी पेटवत होते तवा, आन एक तुम्ही ढगाकडं बघत होते तवा."

सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "योगायोग."

बुधीबाई कामावर आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी बंधाऱ्यावर घसरून पडलो होतो. डाव्या काठाची भिंत झिरपायची. वरपासून खालपर्यंत ओली, तिच्यावर हिरवंगार शेवाळ. नवे गमबूट घालून मी ऐटीत तिकडे गेलो आणि सरळ ढोपरावर आपटलो. पँट फाटली, रक्त आलं. बुधीबाईनं दगडीपाल्याचा रस लावला आणि पोट धरून हसली. "बूटवाले भाऊ, तिकडं कशापायी गेले? ती वाट माणसांची नाय." त्या दिवसापासून मी पाड्यावर बूटवाले भाऊ झालो. ढोपर ठणकत होतं, रागही आला होता. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' असा एक रकाना असायचा. त्यात मी लिहिलं: 'डाव्या बाजूची भिंत गळते. शेवाळ धोकादायक. दुरुस्ती आवश्यक.' आणि खाली लफ्फेदार सही केली. त्या ओळीचा मला पुढे पार विसर पडला. कागदाला पडला नाही.

बुधीबाई माशांशी बोलायची. कौतुकानं नाही, वसकन. "चल, उठ. आईनं काय शिकवलं तुला?" असं. जाळीत अडकलेलं पिल्लू ओंजळीत घ्यायच्या आधी ती हात पाण्यात बुडवायची. कोरड्या हातानं धरलं तर त्याचं अंग भाजतं, असं तिचं म्हणणं. सरांच्या पुस्तकातही तसंच काहीसं होतं, पण विसाव्या पानावर होतं आणि सर तिथवर उशिरा पोचले. पावसाळ्यात पहिलं पिल्लू दिसलं की ती काठावर नागलीचे चार दाणे ठेवायची. चढणीची पिल्लं ती मारायची नाही आणि कुणाला मारू द्यायची नाही. उतरणीला मोठे झालेले मासे मात्र मिटक्या मारत खायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, मासा तो मासाच. चढताना काय नि उतरताना काय?"

"घरी चाललेल्याच्या आडवं जाऊ नाय, भाऊ. आम्ही नाय का, दिवाळी झाली का द्राक्षाच्या बागांना खाली जातो, आन पाऊस आला का वर येतो. तवा कुणी घाटात आडवा आला तर?"

दरवर्षी नवरा-बायको दिंडोरीकडच्या बागांत कामाला जायची. त्यामुळे तिला हे सांगायला विचार करावा लागला नाही.

शिडीत पिल्लं फार येत नव्हती, हे खरं होतं. पहिल्या वर्षी थोडी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. काही आठवड्यांच्या दोऱ्यांत नुसत्याच लाल चिंध्या. सर अस्वस्थ झाले. शिडी बंद पडली तर प्रकल्पही बंद पडणार होता. बुधीबाई शिडी बघून पहिल्यापासून म्हणायची, "हे माशाला विचारून बांधलं का मुकादमाला?" हौदाहौदांतलं अंतर एवढं, की बोटभर पिल्लानं उडी मारायची म्हणजे मी आमच्या कॉलेजच्या गच्चीवर उडी मारण्यासारखं.

दुसऱ्या वर्षी खात्याचे साहेब जीपमधून पाहणीला यायचे होते. शिडीत एकही मासा नव्हता. सरांनी मला पेठच्या बाजाराला पिटाळलं. मी बादलीतून एक जिवंत मरळ आणली आणि साहेब यायच्या आधी हळूच वरच्या हौदात सोडली. चांगली हातभर होती. साहेबांनी वाकून बघितलं, खूश झाले. म्हणाले, "वा! चढते की!" मग बुधीबाईकडे वळून म्हणाले, "बाई, बांधा गाठ."

ती जागची हलली नाही. "ही बाजारातली हाय."

साहेब हसले. त्यांना वाटलं, खेडवळ बाई थट्टा करतेय. सरांचा चेहरा मात्र पडला. साहेब गेल्यावर सर तिच्यावर चिडले. मीही मध्ये पडलो. म्हटलं, "मावशी, एक गाठ मारली असती तर काय बिघडलं असतं? आणि रिकाम्या दिवसांना दोन-चार मारल्या, तरी कोण बघायला येतंय?"

"गाठ मारली का मासा होतो काय?" ती शांतपणे म्हणाली. "मंग मला शिडीवर कशाला बसवता? घरी बसून गाठीच मारते ना. त्या पोरानं केलं तसं."

 मरळ तिनं संध्याकाळी कालवण करून आम्हालाच वाढली. "बाजारातली खायाला चालते," म्हणाली. सरांनी दोनदा रस्सा घेतला.

आता त्या दुसऱ्या दोरीचं सांगतो, कारण सगळं त्या दोरीपाशी येऊन थांबतं.

तिच्या झोपडीत खुंट्या दोन होत्या. एकीवर आमची दोरी. दुसरीवर दुसरी एक, जाड, वेटोळं करून टांगलेली, तीही गाठींची. पहिल्याच पावसाळ्यात माझं लक्ष गेलं होतं. आमची दोरी उतरवून घेता घेता मी विचारलं, "ही कसली हो?"

"ती माझी हाय. ती तुमच्या कागदातली नाय."

"बरं," मी म्हटलं. एसटी चुकेल म्हणून घाईत होतो. देवाचं, नवसाचं काहीतरी असेल, असं मनाशी धरलं. नंतर तीन पावसाळे दर शनिवारी ते वेटोळं जाड होत गेलेलं मी बघत होतो आणि एकदाही विचारलं नाही. माणूस अडाणी म्हटला की त्याच्या घरातल्या वस्तूही आपण अडाणीच धरतो.

तिसरा पावसाळा संपला. नाशिकला बैठक झाली. तीन वर्षांच्या आकड्यांवर निर्णय फार लवकर झाला: पिल्लं शिडी वापरत नाहीत, शिडी बंद करावी. खात्याला तीन वर्षांच्या आमच्या कागदांतून उपयोगाची अशी एकच गोष्ट सापडली. माझा शेरा. 'डाव्या बाजूची भिंत गळते. दुरुस्ती आवश्यक.' तो त्यांनी उचलला आणि उन्हाळ्यात गिलावा करायचं मंजूर करून टाकलं. माझी सूचना मान्य झाली म्हणून सरांनी माझी पाठ थोपटली. मीही मनातून फुगलो, खोटं कशाला बोलू.

बुधीबाईचा शेवटचा हिशेब मिटवायला मी गेलो, तेव्हा ती बागांना निघायच्या तयारीत होती. मी सांगितलं: शिडी बंद होणार. तिला काहीच वाटलं नाही. "होऊ द्या. तिच्यात कोण जात होतं?" मग मी सांगितलं: डावी भिंतही पक्की होणार, सिमेंटनं गुळगुळीत, थेंब गळणार नाही.

ती बसली. उभी होती ती खाली बसली.

"भिंत कशाला?" तिनं विचारलं. "तिच्यावरून तर वाम चढती."

मला आधी कळेना. मग तिनं दुसरी दोरी खुंटीवरून काढून माझ्या मांडीवर टाकली आणि सांगितलं. वाम म्हणजे तो सापासारखा लांब मासा; त्याची पिल्लं, पेन्सिलीएवढी, आषाढ-श्रावणात खालून येतात. त्यांना उडी मारता येत नाही. ती ओल्या भिंतीला पोटानं चिकटून, शेवाळ धरून, तसूतसूनं वर सरकतात. पहाटे फटफटायच्या सुमाराला आणि ढगाळ दिवशी संध्याकाळी. बंधारा गळतो म्हणून तर त्यांना वाट आहे. ती रोज शिडीकडे जाता-येता त्यांना बघायची आणि दर पिल्लामागे आपल्या दोरीला गाठ मारायची.

मी गाठी मोजायला बसलो. दुपार झाली, चहा झाला, पुन्हा कोरा चहा झाला. आमच्या तीन वर्षांच्या सगळ्या दोऱ्या एकत्र केल्या असत्या तरी त्या दोरीच्या एका पावसाळ्याएवढ्याही झाल्या नसत्या.

"मावशी, हे तुम्ही सांगितलं का नाही?"

ती खरंच चकित झाली. "तुम्हीच म्हणले ना, शिडीतलं मोजा. भिंतीवरचं कुणी विचारलं?" आणि मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला ठाव हाय. तुम्ही तिथंच तर पडले होते."

 लाजेनं माणसाचे कान तापतात, ते मला तिथं कळलं.

मी ती दोरी घेऊन नाशिकला आलो. सरांच्या टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोरी हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "पण ही आपल्या पद्धतीत बसत नाही. तारखा नाहीत, तपासायला दुसरा माणूस नाही. आणि अहवाल गेलाय." मी खात्यात जाऊन अर्ज दिला. तिथल्या कारकुनानं तो वाचला आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "म्हणजे बंधारा गळका ठेवा, असं तुमचं म्हणणं आहे?" त्यांच्या फाइलीत माझ्याच सहीचा कागद होता, बंधारा गळतो म्हणून.  शिमगा झाला आणि गिलावा झाला. काम छान झालं होतं. मी बघितलं, हात फिरवला तर कुठे खरखर नाही.

त्या पावसाळ्यात प्रकल्प नव्हता, मला जायचं कारणही नव्हतं. तरी आषाढात एका शनिवारी रजा टाकून गेलो, दोरी परत द्यायच्या निमित्तानं. भिंतीच्या पायाशी, खालच्या डबक्यात, वामीची पिल्लं गोळा झाली होती. काळ्या शेवयांसारखी, एकमेकांत गुंतलेली. एखादं भिंतीवर वीतभर चढायचं आणि घसरून परत खाली. बगळे रांगेनं उभे होते, त्यांना आयतं ताट मिळालं होतं. मला बघवेना.

बुधीबाई वर बंधाऱ्यावर बसून भाताच्या पेंढ्याचा वेठ, म्हणजे दोरखंड, वळत होती. मनगटाएवढा जाड. "आले का बूटवाले? बसा, ह्याचं टोक धरा." मी धरलं. वळून झाल्यावर तिनं तो भिंतीवरून खाली सोडला, वरचं टोक दगडाखाली दाबलं, आणि घागरीनं त्याच्यावर पाणी ओतायला लागली. थोड्या वेळानं तिला आणखी सुचलं. बंधाऱ्यावरून वाहणाऱ्या पाण्यातून पळसाच्या पानाची पन्हळ लावून तिनं एक धार वेठावर आणली. पेंढा भिजला, फुगला. आम्ही वाट बघत बसलो. ती एकदाही म्हणाली नाही की तुमच्यामुळे झालं. म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

ढग भरून आले तेव्हा पहिलं पिल्लू पेंढ्यात शिरलं. मध्ये दिसेनासं झालं. मग वरच्या टोकाशी त्याचं डोकं बाहेर आलं, क्षणभर थांबलं आणि वरच्या पाण्यात उतरलं. बुधीबाईनं कमरेची दोरी काढून गाठ मारली. मीच ओरडलो, "गेलं! मावशी, गेलं!" एवढ्या वयाचा बाप्या टाळ्या पिटत होता.

त्यानंतर मी कॉलेजातच राहिलो. बढती झाली, बरण्या वाढल्या. तिकडे जाणं झालं नाही. होईल, होईल म्हणता वर्षं गेली.

शेवटचं तिला बघितलं ते दोन हजार सालाच्या पुढे काही वर्षांनी, आषाढ लागता लागता पेठला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा. हातात दोन तास होते, म्हणून जीप धरून पाड्यावर उतरलो. नवरा वारला होता. तिनं बागांना जाणं सोडलं होतं, पाठ वाकली होती. भिंतीवर वेठ होता, नवा, पिवळ्या पेंढ्याचा, आता एक नाही, तीन, शेजारी शेजारी. दर ज्येष्ठात बदलते म्हणाली. पन्हळ पीव्हीसीच्या तुकड्याची झाली होती. गुळगुळीत गिलाव्यावर वेठाखाली थोडं थोडं शेवाळही धरलं होतं.

झोपडीत गेलो. माझी नजर आधी खुंट्यांवर गेली. दोन्ही रिकाम्या होत्या.

"मावशी, आता मोजत नाही?"

"मोजून कोणाला देऊ?" ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. चहात साखर किती, असं विचारावं तसं विचारलं.

 मी घड्याळ बघितलं. पेठहून चारची एसटी होती. "येतो मावशी, पुढच्या वेळी निवांत येईन," म्हणालो आणि उठलो. ती म्हणाली, "या की."

वळणावर जीपची वाट बघत उभा होतो, तिथून बंधारा दिसतो. ढगाळलं होतं. बुधीबाई वाकत वाकत भिंतीच्या पायाशी उतरली. डबक्यात हात बुडवून ओला केला, बाजूला पडलेलं एक पिल्लू उचललं आणि वेठाच्या टोकाशी लावलं. ते धरेपर्यंत तशीच ओणवी राहिली. बराच वेळ. मग सावकाश सरळ झाली, कमरेला चाचपलं, दोरी काढली आणि एक गाठ मारली.

"मला द्या," एवढंच मी म्हणायचं होतं. ते सुचलं तेव्हा एसटी सावळ घाटात होती.